शाखा चुकली असं वाटतंय? दाखला काढण्याआधी हे करा

दिवाळीची सुट्टी संपून मुलं परत आली की सातारा-सांगलीच्या कॉलेजांत दरवर्षी एक ठरलेला फोन होतो. पहिल्या सेमिस्टरची परीक्षा तोंडावर असते. विश्रामबागेतल्या नाहीतर पोवई नाक्याजवळच्या खोलीतून कुणीतरी घरी सांगतं, "मला हे जमत नाही. मला हे आवडतच नाही." पलीकडून उत्तर येतं, "एवढं वर्ष काढ, मग बघू." दोघांचंही खरं असतं, पण ठरत काहीच नाही. वर्ष निघून जातं आणि ज्या तारखांना काही करता आलं असतं त्याही निघून जातात.

या मधल्या काळात करायच्या कामांना क्रम आहे. आधी नेमकं काय खुपतंय ते शोधायचं. मग जिकडे जावंसं वाटतं तिकडचं खरंच रुचतंय का ते तपासायचं. त्यानंतर वाटा, पैसे, कागद आणि घरचं बोलणं. बहुतेक जण हे सगळं उलटं करतात: आधी घरी भांडण, मग दाखला आणि शेवटी "आता काय करायचं?"

दोन आठवड्यांची वही

साधी वही घ्या. चौदा दिवस प्रत्येक लेक्चर आणि प्रॅक्टिकलनंतर एक ओळ लिहायची: विषय कोणता, काय चाललं होतं, लक्ष कधी सुटलं आणि का. लगेच लिहायची, रात्री आठवून नाही. रात्री सगळंच वाईट वाटतं. नोंदी साधारण अशा दिसतात:

सोम. मॅथ्स. पार्शल डेरिव्हेटिव्ह. दहा मिनिटं कळलं, मग नुसतं फळ्यावरचं उतरवलं. बारावीचं डिफरन्सिएशन विसरलंय.
मंगळ. ग्राफिक्स. दोन शीट. हात दुखला, पण वेळ कसा गेला कळलं नाही.
बुध. केमिस्ट्री प्रॅक्टिकल. मित्राचं जर्नल उतरवलं. प्रयोग बघितलाच नाही.
गुरु. गेलो नाही.

चौदा दिवसांनी वही उघडून प्रत्येक नोंदीपुढे पाचांपैकी एक अक्षर टाका. वि म्हणजे विषयच नको वाटतो. पा म्हणजे पाया कच्चा आहे. शि म्हणजे शिकवणं समजत नाही. ठि म्हणजे ठिकाण: खोली, मेस, एकटेपणा, रोजचा दीड तासाचा एसटी प्रवास. भी म्हणजे पुढची भीती, "यात नोकरी नाही म्हणतात" या जातीची. मग कोणतं अक्षर किती वेळा आलं ते मोजा. वरच्या नमुन्यात सोमवारला पा आणि मंगळवारला काहीच नाही. बुधवारचं सांगता येत नाही, कारण प्रयोग बघितलाच नाही, मग तो आवडतो की नाही हे कसं कळणार?

निम्म्याहून जास्त नोंदी वि निघाल्या, तरच शाखा बदलण्याचा विचार गंभीरपणे करावा. बाकीच्या चारांवर शाखा बदलणं हा महागडा आणि बऱ्याचदा निरुपयोगी उपाय आहे. पाया कच्चा असेल तर बालभारतीचं अकरावी-बारावीचं गणित पुन्हा काढून रोज एक तास, तीस दिवस. शिकवणं समजत नसेल तर तोच धडा एनपीटीईएलवर (आयआयटीच्या प्राध्यापकांची ऑनलाइन लेक्चरं) दुसऱ्या कुणाकडून ऐका. हे व्हिडिओ फुकट आहेत. तीन लेक्चरं ऐकून विषय उलगडायला लागला तर दोष विषयाचा नव्हता.

इथे एक अडचण वेगळी सांगायला हवी, कारण ती वहीत स्वतःच्या नावाने कधीच येत नाही. जत, आटपाडी, माण, खटावकडून मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना पहिल्या वर्षी सगळे विषय एकदम इंग्रजीत येतात. 'वेग' आणि 'बल' त्यांना पक्कं येत असतं. 'व्हेलॉसिटी' आणि 'फोर्स' असलेलं लांबलचक वाक्य मात्र अडतं. मग "फिजिक्स जमत नाही" असं वाटायला लागतं. तपासायची सोपी रीत: कळत नसलेला एक परिच्छेद घ्या, त्यातले अडलेले शब्द शोधून वर पेन्सिलने मराठी अर्थ लिहा आणि पुन्हा वाचा. कळलं, तर अडचण पंचवीस-तीस शब्दांची होती. प्रत्येक विषयाचे असे शे-दीडशे शब्द असतात आणि ते दोन महिन्यांत बसतात.

दुसरं, पहिल्या वर्षावरून शाखेची परीक्षा करू नका. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष बहुतांशी सगळ्या शाखांना सारखंच असतं: मॅथ्स, फिजिक्स किंवा केमिस्ट्री, ग्राफिक्स, मेकॅनिक्स, थोडं प्रोग्रॅमिंग. मेकॅनिकलला कंटाळलेल्या मुलाने खरं मेकॅनिकल अजून पाहिलेलंच नसतं. थर्मोडायनॅमिक्स, स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, थिअरी ऑफ मशिन्स पुढे येतात. सिव्हिलला सर्व्हेइंगची साखळी हातात येते ती दुसऱ्या वर्षी. म्हणून विद्यापीठाच्या किंवा कॉलेजच्या संकेतस्थळावरून अभ्यासक्रमाची पीडीएफ उतरवा आणि तिसऱ्या वर्षाचे विषय वाचा. लायब्ररीतून त्यातल्या दोन विषयांचं पुस्तक आणून पहिला धडा चाळा. कळलं नाही तरी चालेल, कुतूहल वाटतं का एवढंच बघायचं.

बी. फार्मसीत हा घोळ वेगळ्या तऱ्हेने होतो. नीटमध्ये मार्क कमी पडले म्हणून "मेडिकलच्या जवळचं" समजून प्रवेश घेतला जातो आणि आत आल्यावर बराचसा अभ्यास रसायनशास्त्राचा निघतो. तिथे वि अक्षर खरं असण्याची शक्यता जास्त. बीसीएचंही तसंच. मोबाइल चांगला हाताळता येतो म्हणून आलेल्याला सी लँग्वेजचे पॉइंटर भेटतात.

आणि एक इशारा. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, जेवण बिघडलेलं असेल, पूर्वी आवडणारं क्रिकेट, गाणं, मित्र हेही नकोसे झाले असतील, तर शाखेचा निर्णय बाजूला ठेवा. आधी त्यावर बोला. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, फुकट आणि मराठीतही मिळते. त्या अवस्थेत काढलेला दाखला पुढे पस्तावायला लावतो.

जिकडे जायचंय त्याची तीस तासांची परीक्षा

नावडतीचं मीठ अळणी हे खरं, पण आवडतीचं जेवण अजून चाखलेलंच नसतं. कॉम्प्युटरला जायचंय, सायकॉलॉजीला जायचंय, डिझाइन करायचंय असं म्हणताना डोळ्यांपुढे त्या क्षेत्राचा शेवट असतो, रोजचं काम नसतं. म्हणून तीस तास मोजून द्या: रोज एक तास, महिनाभर. त्यात फक्त त्या क्षेत्रातलं सगळ्यात रटाळ काम करायचं.

कॉम्प्युटर हवंय? पायथनमध्ये छोटे प्रोग्रॅम स्वतः लिहा आणि चुका शोधा. नुसते व्हिडिओ बघितलेले तास धरायचे नाहीत. शिवाय डिस्क्रीट मॅथेमॅटिक्सचा एक धडा करा, कारण मॅथ्स नको म्हणून कॉम्प्युटरला जाणाऱ्याला तेच गणित दुसऱ्या वेशात भेटतं. सायकॉलॉजी हवंय? संख्याशास्त्राचा धडा करा. मीन, स्टँडर्ड डेव्हिएशन, को-रिलेशन तिथे सुटत नाही. कायदा हवाय? एक मूळ कायदा कलमावार वाचून प्रत्येक कलमाचा अर्थ दोन ओळींत लिहा. स्पर्धा परीक्षा हवी असेल तर आयोगाची जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा. शेवटच्या दहा तासांतही बसावंसं वाटत असेल तर ओढ खरी. दहाव्या तासालाच टाळाटाळ सुरू झाली तर निदान तीस तासांतच कळलं.

महिनाभरात तीन माणसांनाही भेटा: हव्या त्या कोर्सच्या शेवटच्या वर्षातला विद्यार्थी, तो कोर्स करून दोन-तीन वर्षं काम केलेला कुणीतरी आणि तुमच्याच सध्याच्या शाखेतून शिकून कामाला लागलेला एक जण. हा तिसरा लोक विसरतात. कुपवाड, तासवडे, शिरवळच्या एमआयडीसीत असा माणूस ओळखीतून सापडतोच. "स्कोप आहे का?" असं विचारू नका, त्याचं उत्तर कायम "आहे, पण मेहनत पाहिजे" असंच येतं. "काल सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा काय केलंत?" असं विचारा. "पहिला पगार हातात किती आला?" हेही विचारा, पुण्याला राहायला किती लागले हे त्यातच कळतं.

वाटा, स्वस्तापासून महागापर्यंत

पहिली वाट आहे तिथेच वळण्याची. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत बी.ए., बी.एस्सी., बी.कॉम.ला मेजरबरोबर (मुख्य विषय) मायनर (दुय्यम विषय) आणि ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला निवडीचा विषय) असतात. बऱ्याच ठिकाणी पहिल्या वर्षी घेतलेल्या विषयांतून दुसऱ्या वर्षी मेजर ठरतो. म्हणजे केमिस्ट्री सोडून मॅथ्स मुख्य करायचं असेल तर कदाचित कॉलेजही सोडावं लागणार नाही, वर्षअखेरीला विकल्पाचा फॉर्म नीट भरला की झालं. इंजिनिअरिंगला मूळ पदवीच्या वर १८ ते २० क्रेडिट (अभ्यासाचा भार मोजायचं माप) जादा करून दुसऱ्या शाखेत मायनर घेता येतं, कॉलेज ती सोय देत असेल तर. मेकॅनिकल पदवी आणि कॉम्प्युटर मायनर हा मार्ग अनेकांना पुरतो. स्वयम्-एनपीटीईएलचे कोर्स यात उपयोगी पडतात. शिकणं फुकट, परीक्षेला बसायचं तर एका कोर्सला १,००० रुपये. गुणांपैकी २५ टक्के असाइनमेंटला आणि ७५ टक्के लेखी परीक्षेला. क्रेडिट मान्य होतील का, हे कोर्सला नाव नोंदवण्याआधी विभागप्रमुखांकडून लेखी घ्या. नंतर विचारलं तर "आमच्या यादीत नाही" हे उत्तर ठरलेलं.

दुसरी वाट म्हणजे इंजिनिअरिंगला दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला शाखा बदलणं. हे रिक्त जागा आणि पहिल्या वर्षाचे गुण या दोन गोष्टींवर ठरतं. पहिल्या वर्षाचा एकही विषय राहिलेला असेल तर बहुतेक कॉलेजं अर्ज विचारात घेत नाहीत. यातच मुलं फसतात. शाखा आवडत नाही म्हणून पहिल्या वर्षी अभ्यास सोडतात, केटी लागते, म्हणजे विषय राहतो, आणि शाखा बदलण्याचा दरवाजा स्वतःच लावून घेतात. नावडत्या शाखेतून सुटायचं तर नावडत्या शाखेतच चांगले मार्क पाडावे लागतात. अन्यायच आहे, पण नियम तसा आहे. रिक्त जागेचंही गणित समजून घ्या. कॉम्प्युटरची जागा तिथून कुणी गेल्याशिवाय रिकामी होत नाही, त्यामुळे तिथे एखाद-दुसऱ्या जागेवर डझनभर अर्ज असतात. इलेक्ट्रिकल, सिव्हिलकडे मिळणं सोपं.

अर्ज पहिल्या वर्षाचा निकाल लागायच्या आधीच तयार ठेवावा. (त्यातलं 'कॅप' म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रिया.) मजकूर एवढाच पुरतो:

"विषय: द्वितीय वर्षासाठी शाखा बदल मिळणेबाबत. महोदय, मी प्रथम वर्ष सिव्हिल शाखेत शिकत असून दोन्ही सत्रांतील सर्व विषयांत उत्तीर्ण आहे. इलेक्ट्रिकल शाखेत जागा रिक्त असल्यास गुणवत्तेनुसार माझा विचार व्हावा, ही विनंती. सोबत: दोन्ही सत्रांच्या गुणपत्रिका, कॅपचं अलॉटमेंट लेटर, फीची पावती."

कारणं, भावना, घरची परिस्थिती यातलं काही लिहू नका. यादी गुणांवर लागते. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय ऑफिसातून हलू नका. "ठेव टेबलावर" म्हटलेला अर्ज टेबलावरच राहतो.

तिसरी वाट कॉलेज बदलण्याची, शाखा तीच ठेवून. वहीत ठि आणि शि जास्त आले असतील तर हीच खरी वाट. दोन्ही कॉलेजांची ना हरकत, समोर रिक्त जागा आणि अभ्यासक्रमाची जुळणी एवढं लागतं. जुळणीची अडचण आपल्या भागात मोठी आहे. काही इंजिनिअरिंग कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली, काही लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला आणि काही स्वायत्त. साताऱ्यात शिवाजी कॉलेजसारखी रयतची जुनी कॉलेजं आता कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठात गेली आहेत. दहा किलोमीटरवरच्या कॉलेजात गेलात तरी विद्यापीठ बदलू शकतं आणि मग न झालेले दोन-तीन विषय जादा द्यावे लागतात.

चौथी वाट समांतर दुसऱ्या पदवीची. एप्रिल २०२२ पासून यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली आहे: दोन्ही प्रत्यक्ष, पण तासांच्या वेळा एकमेकांवर येऊ नयेत, किंवा एक प्रत्यक्ष आणि दुसरी दूरस्थ वा ऑनलाइन. बी.एस्सी. करताना नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून किंवा इग्नूतून बी.ए. करता येतं. दूरस्थ प्रवेशाला आता एबीसी आयडी (क्रेडिट जमा होणाऱ्या सरकारी ऑनलाइन खात्याचा क्रमांक) आणि त्यावरून काढलेला डीईबी आयडी (यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा) लागतो. तो लागत नाही म्हणणाऱ्या एजंटापासून लांब राहा. फार्मसी, नर्सिंग, कायदा यांना त्यांच्या परिषदांचे नियम आधी लागतात, तिथे विचारूनच पाऊल टाका.

पाचवी, पदवी पूर्ण करून मग वळणं. घरच्यांना हीच पटते, मुलांना हीच नको असते, पण ती वाटते त्यापेक्षा रुंद आहे. कोणत्याही पदवीवर तीन वर्षांचं एलएलबी, एमबीए, बी.एड., बँकांच्या परीक्षा, एमपीएससी-यूपीएससी खुलं होतं. बारावीला किंवा पदवीला गणित असेल तर एमसीए. डिझाइनची ओढ असलेल्या इंजिनिअरला सीड परीक्षेतून आयआयटीत एम.डेस.ला जाता येतं. बी.कॉम. ५५ टक्क्यांनी किंवा इतर पदवी ६० टक्क्यांनी झाली तर सीएची फाउंडेशन परीक्षा टळते. आणि एक वाट फार कमी जणांना माहीत असते: बारावीला गणित असलेल्या बी.एस्सी. पदवीधराला इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. खुल्या वर्गाला ४५ टक्के लागतात, आरक्षित वर्गाला ४०.

सहावी वाट मधूनच बाहेर पडून नव्याने सुरू करण्याची. नव्या धोरणात पहिल्या वर्षानंतर ४० ते ४४ क्रेडिट आणि वर चार क्रेडिटचं कौशल्याचं काम केलं तर सर्टिफिकेट मिळतं, दोन वर्षांनंतर डिप्लोमा. तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करायची असते. कागदावर छान आहे. इथल्या नोकरीच्या बाजारात मात्र त्या एका वर्षाच्या सर्टिफिकेटला अजून कुणी विचारत नाही. त्याचा खरा उपयोग क्रेडिट शिल्लक राहण्यापुरता. तेही पुढच्या कॉलेजने मानले तरच. एबीसी खात्यात क्रेडिट दिसतात म्हणून नवीन ठिकाणी आपोआप वजा होतील असं धरू नका. नव्याने इंजिनिअरिंगलाच यायचं असेल तर एमएचटी-सीईटी पुन्हा द्यावी लागते, जुना स्कोअर त्याच वर्षापुरता असतो.

पैशांचा कागद

घरी हमखास येणारं वाक्य: "एवढी फी भरली, ती वाया घालवायची का?" भरलेली फी थांबलात तरी गेली आणि सोडलंत तरी गेली. हिशोब पुढच्या रुपयांचा करायचा. एक नमुना बघू. आकडे कल्पित आहेत, तुमचे घाला.

इंजिनिअरिंगचा वर्षाचा खर्च फी ९०,००० आणि खोली-मेस दहा महिन्यांचे ६०,००० मिळून दीड लाख धरला. नवीन बी.एस्सी. किंवा बी.ए.ची फी १५,००० आणि तेच ६०,००० म्हणजे ७५,०००. पुढचं पदव्युत्तर शिक्षण दोन वर्षं, वर्षाला एक लाख.

पहिलं वर्ष संपल्यावर: थांबून पदवी आणि मग हव्या विषयात पीजी केलं तर ४,५०,००० अधिक २,००,०००, म्हणजे साडेसहा लाख आणि पाच वर्षं. सोडून नव्याने पदवी व पीजी केलं तर २,२५,००० अधिक २,००,०००, म्हणजे सव्वाचार लाख आणि तीही पाच वर्षं! दुसरं वर्ष संपल्यावर: थांबलात तर पाच लाख, चार वर्षं. सोडलंत तर सव्वाचार लाख, पाच वर्षं. तिसरं संपल्यावर: थांबलात तर साडेतीन लाख, तीन वर्षं. सोडलंत तर सव्वाचार लाख, पाच वर्षं.

या नमुन्यात पहिल्या वर्षी सोडणं स्वस्त पडतं आणि तिसऱ्या वर्षानंतर कुठल्याच बाजूने परवडत नाही. थांबण्याच्या बाजूला इंजिनिअरिंगची पदवी जादा हातात असते, ती किती कामाची हे ज्याचं त्याने ठरवावं. "वर्ष काढ, मग बघू" हे धोरण दोन वर्षं चाललं की हिशोबच बदलतो, हे घरी दाखवायला हा कागद पुरेसा आहे.

शिष्यवृत्तीचं वेगळं बघा. पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीत एक टप्पा पूर्ण केल्यावर त्याच टप्प्यावर दुसरा विषय घेतला, उदाहरणार्थ बी.ए.नंतर बी.कॉम., तर पुन्हा लाभ मिळत नाही आणि मंजुरीशिवाय कोर्स किंवा कॉलेज बदललं तर चालू शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते. राजर्षी शाहू शुल्क योजनेसाठी (पालकांचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत) प्रवेश कॅपमधून झालेला हवा. मुलींच्या व्यावसायिक कोर्सच्या फी-माफीलाही तेच. म्हणजे कॅपची जागा सोडून दुसरीकडे मॅनेजमेंट कोट्यात गेलात की सवलत जाते आणि पूर्ण फी अंगावर येते. निर्णयाआधी महाडीबीटीचं (शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलचं) काम बघणाऱ्या क्लार्कना एकदा नक्की भेटा. शैक्षणिक कर्ज असेल तर बँकेला लेखी कळवा. कोर्स सुटला की हप्त्यांची सवलतीची मुदत तशीच राहील असं गृहीत धरू नका.

भरलेली फी परत मिळण्याच्या तारखा काटेकोर असतात. यूजीसीच्या २०१८ च्या पायऱ्या अशा: प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस वा त्याहून आधी रद्द केलं तर पूर्ण परतावा, जास्तीत जास्त ५ टक्के आणि तेही ५,००० पर्यंत प्रक्रिया शुल्क कापून. त्यानंतर पण शेवटच्या तारखेआधी ९० टक्के. शेवटच्या तारखेनंतर १५ दिवसांत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के आणि पुढे शून्य. अलीकडे यूजीसीने काही वर्षी याहून उदार पत्रकं काढली आहेत, आणि इंजिनिअरिंग-फार्मसीसाठी सीईटी सेलच्या वेळापत्रकातली रद्द करण्याची तारीख चालते. चालू वर्षाचं पत्रक काढून तेच सोबत न्या. अनामत रक्कम मात्र कधीही सोडलंत तरी परत मिळते, फक्त मागावी लागते. "पुढच्या तीन वर्षांची फी भर, मग कागद देतो" असं कुणी म्हणालं तर ते यूजीसीच्या नियमात बसत नाही. लेखी द्या म्हणावं.

कागद कोणत्या क्रमाने

नवीन जागा निश्चित होईपर्यंत जुनी जागा सोडायची नाही. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागलेल्यांची रांग दर ऑगस्टमध्ये खिडकीपाशी दिसते. नवीन प्रवेशाची पावती आली की मगच जुन्या कॉलेजात जा.

तिथे आधी नो ड्यूज, म्हणजे काही देणं बाकी नसल्याच्या सह्या: लायब्ररी, प्रत्येक प्रयोगशाळा, जिमखाना, हॉस्टेल. एका पुस्तकासाठी अख्खा फॉर्म अडतो, म्हणून पुस्तकं दोन दिवस आधी जमा करा. मग दाखल्याचा अर्ज. प्रवेश लगेच रद्द केला असेल तर बारावीचा मूळ दाखलाच परत मिळतो. वर्ष भरलं असेल तर कॉलेज स्वतःचा दाखला देतं. तो हातात आल्यावर खिडकीपाशीच उभं राहून तपासा: नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, जात, 'सोडण्याचे कारण' आणि 'वर्तणूक'. कारणाच्या रकान्यात 'स्वतःच्या विनंतीवरून' असं हवं. चूक आठवड्याने दाखवली तर दुरुस्तीला पुन्हा अर्ज.

विद्यापीठ बदलत असेल तर मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं. त्याला वेळ जातो, लगेच अर्ज करा. मधलं वर्ष रिकामं गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र, त्यात वर्ष आणि कारण सरळ लिहायचं. एका कोर्सला प्रवेश घेतला होता हे लपवून 'घरी होतो' असं लिहू नका. महाडीबीटी आणि एबीसी दोन्हीकडे नाव दिसतं. जात पडताळणी, नॉन-क्रिमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला चालू तारखेचे आहेत ना, हे मे महिन्यातच बघा. जूनमध्ये सेतूत उभं राहायला जागा नसते.

घरी बोलताना

फोनवर सांगू नका, आणि ऊसबिल यायच्या आधीच्या तंगीत किंवा द्राक्षाच्या छाटणीच्या धांदलीत तर मुळीच नको. घरी जाऊन, जेवणं झाल्यावर, आधी आईशी किंवा ज्या मामा-आत्याचा शब्द वडील ऐकतात त्यांच्याशी बोला. सोबत तीन गोष्टी न्या: चौदा दिवसांची वही, तीस तासांचं केलेलं काम आणि पैशांचा एका पानाचा कागद. "मला आवडत नाही" हे वाक्य घरी पोहोचतच नाही, त्याला "आम्हाला काय शेती आवडत होती?" हे उत्तर तयार असतं. त्याऐवजी असं म्हणून बघा: "आण्णा, मी हे वर्ष सगळे विषय काढणार आहे. जूनमध्ये शाखा बदलायचा अर्ज देणार. मिळाली तर ठीक, नाही मिळाली तर दोन पर्याय या कागदावर आहेत. तुम्ही बघून सांगा." यात पळ काढल्याचा वास येत नाही, आणि त्यांना ठरवायला काहीतरी हातात मिळतं. पहिल्या रात्री होकार मागू नका. आठ दिवसांनी पुन्हा विषय काढतो म्हणून सांगा आणि आठव्या दिवशी खरंच काढा. भावकीत बातमी प्रवेश पक्का झाल्यावरच जाऊ द्या.

वर्षाचा हिशोब

नोव्हेंबरात वही. डिसेंबर-जानेवारीत पहिल्या सेमिस्टरची परीक्षा, सगळे विषय काढण्याच्या बेताने. मग तीस तास आणि तीन माणसं. पुन्हा सीईटी द्यायची असेल तर तिची नोंदणी याच सुमारास सुरू होते, फॉर्म भरून ठेवा. परीक्षा न देण्याचा पर्याय नंतरही असतो, फॉर्म भरण्याचा नसतो. फेब्रुवारीत पैशांचा कागद आणि घरचं बोलणं. ७५ टक्के हजेरी सांभाळा, कारण टर्म ग्रँट झाली नाही, म्हणजे कॉलेजने सत्र मंजूर केलं नाही, तर शाखा बदल, कॉलेज बदल, क्रेडिट हे सगळंच अडतं. मे महिन्यात जातीचे, उत्पन्नाचे दाखले. निकालाच्या आठवड्यात शाखा बदलाचा अर्ज, आवक शिक्क्यासह. जुलै-ऑगस्टमध्ये कॅपच्या फेऱ्या चालू असताना ऑफिसच्या नोटीस बोर्डाकडे रोज एक नजर: रिक्त जागांची यादी कधीकधी शुक्रवारी संध्याकाळी लागते आणि मुदत सोमवारी दुपारी संपते.